हवेचा हिशेब

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या नावांनी २०१२ साली बाजारात आलेली गाडी मुळात एकच. दोन दारे, मागच्या चाकांना ताकद, आणि पुढे आडवे पसरलेले चार सिलिंडरचे इंजिन. टर्बो नाही. एफए२० घराण्यातले हे इंजिन १९९८ सीसीचे असून त्याच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आहे आणि पिस्टनची धावही तेवढीच. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर १२.५:१, पेट्रोल इंजिनाच्या मानाने बरेच चढे. कंपनीच्या आकड्यांनुसार ७००० आरपीएमला २०० अश्वशक्ती आणि साडेसहा हजारांच्या आसपास २०५ न्यूटन-मीटर टॉर्क. कागदावर तक्रारीला जागा नाही. चालवताना मात्र साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान पिकअप बसल्यासारखा वाटतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आलेख काढला की तिथे खळगा स्पष्ट दिसतो: टॉर्क आधी चढतो, मग घसरतो आणि पाच हजारांकडे जाताना पुन्हा वर येतो. रोजच्या वापरात इंजिन ज्या पट्ट्यात सर्वाधिक फिरते, नेमका तोच पट्टा.

हा खळगा भरण्यासाठी जगभरच्या मालकांनी या गाडीचा एक्झॉस्ट आणि इनटेक बदलला आणि मग इंजिनाचा संगणक, म्हणजे इसीयू, नव्याने ट्यून करून घेतला. ट्यूनिंग म्हणजे काय ते समजून घ्यायला ही गाडी फार सोयीची. टर्बोच्या गाडीत बूस्ट वाढवला की आकडा वाढतो आणि बाकीच्या चुका त्याखाली झाकल्या जातात. इथे ती पळवाट नाही. जे मिळवायचे ते हवा नीट आत घेऊन, नीट बाहेर सोडून आणि तिचा हिशेब अचूक ठेवूनच.

सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते, हा समज मोटरसायकलवाल्यांपासून मोटारवाल्यांपर्यंत सगळीकडे आहे. त्यात अर्धेच तथ्य. जळालेला वायू अडकून राहू नये हे खरे, पण एक्झॉस्ट ही नुसती गटारासारखी वाहती नळी नव्हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपात शिरते. वायू स्वतः पुढे सरकतोच, पण लाट त्याच्याही पुढे धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर असतो. पाइप जिथे रुंद होतो किंवा दुसऱ्या पाइपाला मिळतो, तिथून तिचा काही भाग परत फिरतो, आणि परतताना तिचे रूप उलटलेले असते: दाबाऐवजी ओढ. ही ओढ व्हॉल्व्हपाशी योग्य क्षणी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते आणि त्याच वेळी उघडू लागलेल्या इनटेक व्हॉल्व्हमधून ताजी हवाही आत ओढते. चुकीच्या क्षणी ओढीऐवजी दाब पोहोचला, तर धूर परत आत ढकलला जातो.

योग्य क्षण कोणता, हे आरपीएमवर अवलंबून. समजा, लाटेला ८० सेंटिमीटर जाऊन परत यायचे आहे. त्याला जवळपास पावणेतीन मिलिसेकंद लागतात, इंजिन कितीही वेगात फिरत असले तरी. पण तेवढ्या वेळात ७००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सुमारे ११० अंश फिरलेला असतो आणि ४००० आरपीएमला जेमतेम ६५ अंश. म्हणजे एकाच लांबीचा पाइप एका वेगाला मित्र आणि दुसऱ्या वेगाला शत्रू. ८६ च्या मूळ मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या जुडग्याला, त्यातच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचा होता, इंजिनाखालच्या मोजक्या जागेत मावायचे होते आणि वरच्या आरपीएमची अश्वशक्तीही द्यायची होती. चार हजारांचा खळगा ही त्या तडजोडीची किंमत. मॅनिफोल्ड बदलल्यावर खळगा बराच भरून येतो, यावरून दोष मुख्यतः कोणत्या बाजूला होता ते कळते. कंपनीनेही हे ओळखले होते. २०१७ च्या सुधारित मॅन्युअल गाडीत इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड बदलून थोडी ताकद वाढवली गेली, आणि २०२१ च्या नव्या पिढीत तर सिलिंडरचा व्यास ९४ मिलिमीटर करून इंजिन २३८७ सीसीचे केले. त्यात २५० न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळतो.

बाजारात मिळणाऱ्या मॅनिफोल्डना, म्हणजे हेडरना, मालकमंडळी त्यांच्या जोडणीवरून ओळखतात. चार पाइप आधी दोन-दोन करून आणि मग एकत्र येतात ती ४-२-१ रचना; चारही एकदम एका ठिकाणी मिळतात ती ४-१. पहिली साधारणपणे मधल्या आरपीएमला पसरट फायदा देते, दुसरी वरच्या टोकाला. सुबारूचा प्रसिद्ध गुरगुराट हवा असलेले लोक असमान लांबीचे पाइप घेतात. या इंजिनात स्फोटांचा क्रम १-३-२-४ असतो. एका बाजूच्या दोन सिलिंडरमध्ये लागोपाठ, मग दुसऱ्या बाजूच्या दोन्हींत. पाइप असमान असले की हे ठोके विषम अंतराने बाहेर येतात आणि तो आवाज तयार होतो. आवाजासाठी थोडा टॉर्क सोडायची तयारी असेल तर हरकत नाही. ताकदीसाठी घेतले असे मात्र म्हणू नये. मफलर तर या हिशेबात अगदी शेवटी येतो. नुसता मागचा मफलर बदलून या इंजिनाला मिळते ते बहुतांशी कानाला.

इनटेकचे प्रकरण वेगळे. तिथे फायदा कमी आणि धोका जास्त, आणि लोकांना नेमके उलटे वाटते. मूळ फिल्टरची पेटी गाडीच्या तोंडाशी, थंड हवेच्या वाटेवर असते. तिच्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की हवा शोषल्याचा सुस्कारा छान ऐकू येतो, पण पुष्कळदा ती हवा इंजिनाच्या खोलीतली, तापलेली असते. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले की घनता तीन टक्क्यांच्या आसपास घटते. बाहेर २५ अंश असताना ५५ अंशांची हवा आत घेणाऱ्या इंजिनाने पाइपामुळे कमावलेले सगळे, आणि वर आणखी काही, गमावलेले असते. तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात हे खरे; मात्र तेल जास्त झाले तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते.

खरी मेख याच सेन्सरमध्ये आहे. ७००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला जवळपास ७००० लिटर हवा पिते. वजनात ती आठ किलोच्या आसपास भरते आणि तिच्यासाठी त्याच मिनिटात सुमारे ९०० मिलिलिटर पेट्रोल लागते. हा हिशेब इसीयू ज्याच्या भरवशावर करते तो मास एअरफ्लो सेन्सर म्हणजे पाइपात बसवलेली एक तापवलेली बारीक तार. हवा वाहिली की तार थंड होते, तिला तापलेली ठेवायला जास्त वीज लागते आणि त्यावरून हवा किती गेली ते ठरते. पण ही तार सगळी हवा मोजत नाही. पाइपाच्या मध्यातून जाणारा छोटासा झोत मोजते. अमुक व्होल्टेज म्हणजे सेकंदाला अमुक ग्रॅम हवा, असा तक्ता इसीयूत लिहिलेला असतो आणि तो मूळ पाइपाच्या व्यासापुरताच खरा असतो.

आता उदाहरणादाखल ७० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाऐवजी ७६ मिलिमीटरचा बसवला असे धरू. क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढले. तारेवरून जाणारा झोत तोच, व्होल्टेज तेच, पण प्रत्यक्षात आत गेलेली हवा १८ टक्के जास्त. इसीयूला याची गंधवार्ता नाही. जुन्या तक्त्याप्रमाणे ते पेट्रोल सोडते. पूर्ण थ्रॉटलला जिथे हवा-पेट्रोलचे प्रमाण १२.५ ठेवायचे ठरले होते तिथे ते १४.७ वर जाते. सावकाश जाताना या प्रमाणात काहीच वाईट नाही, साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला नेमकी तेवढीच हवा लागते. पण पूर्ण जोरात असलेल्या, १२.५:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते फार कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, पडते. ज्यादा पेट्रोल वाफ होताना जी उष्णता शोषून घेते, ती शोषायला आता कोणी उरत नाही.

चूक इथेच थांबत नाही. ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारा दुसरा तक्ता आरपीएम आणि लोड यांवर चालतो, आणि लोडही याच हवेच्या आकड्यावरून काढला जातो. हवा कमी दिसली म्हणजे लोड हलका; हलक्या लोडला ठिणगी जास्त आगाऊ टाकायची असते. परिणामी मिश्रण कोरडे आणि ठिणगी लवकर, दोन्ही चुका एकाच दिशेने आणि एकाच क्षणी. शांतपणे चालवताना यातले काही जाणवत नाही, कारण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासून इसीयूला दुरुस्ती सुचवत राहतो. १९७६ मध्ये बॉशने व्होल्वोच्या गाड्यांसाठी तो प्रथम आणला तेव्हापासून इंजिने अशी स्वतःची चूक थोडीफार निस्तरत आली आहेत. पूर्ण थ्रॉटलला मात्र इसीयू क्षणाक्षणाची ही दुरुस्ती सोडून मुख्यतः तक्त्यावर विसंबते. म्हणून इनटेक बसवल्यावर ‘गाडी मस्त चालते’ या अनुभवाला पुरावा मानता येत नाही.

ट्यूनिंगचे काम यामुळे संगणकापासून सुरू होत नाही. पाना आणि टॉर्चपासून होते. हेडरच्या जोडावर गळती असेल तर दोन ठोक्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण कोरडे भासते आणि इसीयू विनाकारण पेट्रोल वाढवते. हेडर चेसिसला टेकत असेल तर त्याची टकटक नॉक सेन्सर ऐकतो आणि इंजिनातच काही बिघडले असे धरून इसीयू ठिणगी मागे घेते. स्पार्क प्लग, ऑइलची पातळी, टाकीतले पेट्रोल नेमके कोणते, हे सगळे आधी. मग ओबीडी या निदानाच्या सॉकेटमधून इसीयूची मूळ फाइल वाचून जपून ठेवायची. बदल करण्यापूर्वीच्या गाडीचा डायनो आलेख हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर पुढच्या सगळ्या दाव्यांना आधार राहत नाही.

पहिली दुरुस्ती हवेच्या तक्त्याची. गाडी आयडलिंगपासून निरनिराळ्या स्थिर वेगांवर चालवून नोंदी घेतल्या जातात. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून इसीयू किती टक्के पेट्रोल वाढवते किंवा कमी करते, त्याला ट्रिम म्हणतात. एखाद्या व्होल्टेजला ट्रिम सतत अधिक १२ टक्के येत असेल, तर तक्त्यातला तिथला आकडा १२ टक्क्यांनी वाढवायचा. असे करत ट्रिम शून्याच्या जवळ आणायचे. वरच्या टोकाला, जिथे ट्रिम चालत नाही तिथे, रुंद पल्ल्याचा वेगळा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसवून प्रत्यक्ष मिश्रण मोजतात. हे काम कंटाळवाणे आहे. जाहिरातीत ते कधी दिसत नाही आणि घाईत आटोपलेल्या ट्यूनमध्ये नेमके तेच कच्चे राहिलेले असते. हवेचा तक्ता चुकीचा ठेवून पेट्रोलचा तक्ता फुगवला, तरी मिश्रणाचा आकडा बरोबर दिसू शकतो. पण लोड खोटाच राहतो आणि ठिणगीही चुकीच्याच घरातून उचलली जाते.

पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण ठरवणे त्या मानाने सोपे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला साडेबारा ते तेराच्या आसपास सर्वाधिक ताकद मिळते. एफए२० मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, एक इनटेकच्या वाटेत आणि दुसरा थेट सिलिंडरच्या आत. आतल्या फवाऱ्याने हवा थंड होते म्हणूनच एवढे चढे कॉम्प्रेशन निभावते.

मग येते ठिणगी, आणि इथे ट्यूनरची परीक्षा असते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची, हा प्रश्न. एकेक-दोनदोन अंश पुढे नेत गेले की टॉर्क वाढतो, मग वाढ मंदावते आणि एका बिंदूनंतर उलट घटू लागते. त्या बिंदूपर्यंत निर्धास्त जाता आले असते तर ट्यूनिंग हा कारकुनी उद्योग ठरला असता. चढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनात मात्र तो बिंदू येण्याआधीच नॉकिंग गाठते. ठिणगीपासून ज्योत पसरत असताना कोपऱ्यात राहिलेले न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते आणि सिलिंडरभर दाबाच्या लाटा आपटू लागतात. ८६ मिलिमीटरच्या सिलिंडरात त्यांची मुख्य कंपनसंख्या साडेसहा हजार हर्ट्झच्या आसपास भरते. इंजिनाच्या ब्लॉकला बसवलेला नॉक सेन्सर याच पट्ट्यात कान लावून बसलेला असतो. तसे काही ऐकले की इसीयू ठिणगी मागे घेते; वारंवार ऐकले तर ते लक्षात ठेवते आणि सगळाच आगाऊपणा कमी करते. सुबारूच्या इसीयूत त्यासाठी शून्य ते एक असा एक गुणक असतो. तो एकवर टिकून आहे का, हे लॉगमध्ये आधी पाहायचे. अश्वशक्तीचा आकडा नंतर.

गोंधळ असा की थेट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप स्वतःच बरीच टकटक करतात. सेन्सरने ऐकले ते खरे नॉकिंग की नुसता आवाज, हे ठरवायला अनुभव लागतो. ठिणगी दोन अंश मागे घेऊनही तोच ठोका त्याच आरपीएमला येत राहिला, तर तो बहुधा आवाज. ठोक्यांचा त्रास नको म्हणून सेन्सरची संवेदनशीलताच कमी करून टाकणारे ट्यूनरही असतात. तसे ट्यून घेऊ नये.

यानंतर कॅमशाफ्ट. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींच्या व्हॉल्व्हचे टायमिंग इसीयू चालत्या इंजिनात मागेपुढे करू शकते. जुन्या मॅनिफोल्डमध्ये चार हजारांना दाबाची लाट परत येत होती, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे ठेवण्यात तोटा होता. नवा हेडर तिथे ओढ देत असेल, तर तोच ओव्हरलॅप वाढवणे फायद्याचे ठरते. हेडर आणि कॅम एकमेकांशी जुळवले की खळगा खऱ्या अर्थाने भरतो; नुसता हेडर लावून अर्धा लाभ पदरात पडतो.

थ्रॉटलच्या तक्त्याबद्दल सावध राहिलेले बरे. ॲक्सिलरेटर थोडा दाबताच थ्रॉटल जास्त उघडेल असे केले की गाडी एकदम तरतरीत वाटते. ताकद तसूभरही वाढलेली नसते; पाय खाली जाण्याआधीच ती खर्चायला सुरुवात झालेली असते, इतकेच.

डायनोचे आकडेही असेच जपून वाचावे लागतात. रोलरवर मोजलेली ताकद चाकांची असते, कंपनी सांगते ती इंजिनाची. मधल्या नुकसानीसाठी सरसकट १५ टक्के जोडण्याची पद्धत रूढ आहे, पण तिला फारसा आधार नाही. यंत्र बदलले, टायरचा दाब बदलला, दिवस गरम निघाला की आकडा हलतो. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकाच पेट्रोलवर घेतलेल्या दोन आलेखांमधला फरक मात्र बोलका असतो. ८६ मध्ये साध्या पेट्रोलवर हेडर आणि ट्यून मिळून कमाल ताकद साधारण दहा-पंधरा अश्वशक्तीने वाढते, आणि हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो. पण आलेखात चार हजारांपाशी जी भर पडते ती टोकाच्या आकड्यापेक्षा जास्त जाणवते, कारण रस्त्यावर तीच वापरात येते.

पेट्रोल बदलले की हा सगळा डाव नव्याने मांडावा लागतो. अमेरिकेत मिळणाऱ्या ई८५ मध्ये इथेनॉल ८५ टक्क्यांपर्यंत असते. ते नॉकिंगला भीत नाही, हवा जास्त थंड करते आणि ठिणगी बिनधास्त पुढे नेऊ देते. पण त्याला जळायला दर किलोमागे दहा किलोहूनही कमी हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त इंधन. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही, तरी प्रश्न इथलाही आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला नेमके १४.७ नव्हे तर साडेतेराच्या आसपास प्रमाण लागते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेले ट्यून साध्या पेट्रोलवर चालवले तर नॉक सेन्सरला रोजचा उद्योग मिळतो. आणि इंजेक्शनच्या मोटरसायकलला सायलेन्सर बदलून तसेच पळवणाऱ्यांनाही हवेचा हाच हिशेब लागू आहे.

कायद्याची बाजू मालकांना नावडती, पण स्पष्ट आहे. अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्यानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे बेकायदा असून कॅलिफोर्नियात इनटेकसारख्या भागालाही राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी लागते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ लावताना कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे सांगितले. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाची छायाचित्रे महाराष्ट्रात वर्तमानपत्रांत येत असतात, ती आवाजापोटी. कन्व्हर्टर काढल्याचा धूर छायाचित्रात येत नाही. या कायद्यांमुळे कन्व्हर्टरविरहित हेडर ट्रॅकवरच्या गाडीलाच शोभतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी कन्व्हर्टर असलेले हेडर मिळतात आणि त्यात टॉर्कचा तोटा लोक सांगतात तेवढा नसतो.

डायनोवरून उतरल्यावर काही दिवस रस्त्यावरचे लॉग घ्यावे लागतात, त्यातही भर दुपारचे, चढावरचे आणि वेगळ्या पंपावरच्या पेट्रोलचे. डायनोपुढच्या पंख्याची हवा आणि रस्त्यावरचे वारे सारखे नसतात. डायनोवर स्वच्छ आलेले ट्यून घाटात दोन अंश मागे घ्यावे लागू शकते. आणि एक गोष्ट सर्व्हिसिंगला गाडी देताना आधी सांगून ठेवायची असते. सर्व्हिस सेंटरमध्ये इसीयूचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले गेले तर ट्यून पुसले जाते आणि कंपनीचा हवेचा तक्ता परत येतो. रुंद पाइप मात्र गाडीत तसाच असतो.